टेपने तोललेली गाय

आमच्या बेंगळुरूत, आडुगोडीच्या डेअरी संस्थेत, १९२७ साली आजारातून उठलेले गांधीजी गोपालन शिकायला जात. पाबळच्या विज्ञान आश्रमाने तर शाळकरी मुलांच्या अभ्यासक्रमातच पशुपालन आणलं. मीही गोपालन शिकवताना नववीच्या मुलांच्या हाती आधी शिंप्याचा टेप देते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर, खांद्यापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०: अंदाजे वजन किलोत. घेर ६०, लांबी ५५ भरली तर गाय ३०० किलोंची. टेप सैल धरला की ती फुकटची वजनदार होते, नि मुलं खिदळतात. पण जंताच्या औषधाची मात्रा या आकड्यावरच ठरते. पेंड मात्र दूध बघून घालायची.