डॉ. कोटणीसांचा शेवटचा आजार

सोलापुरातील भैय्या चौकात एक घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे ते घर. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केले होते, तेव्हा १९३८ साली राष्ट्रीय सभेने जखमींच्या शुश्रूषेसाठी पाच डॉक्टरांचे एक पथक तिकडे पाठविले. त्यात कोटणीस होते. बाकीचे चौघे मायदेशी परतले. कोटणीस मात्र परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते चीनमध्येच मरण पावले. रणभूमीवर वावरणाऱ्या या शल्यविशारदाला गोळी लागली नव्हती. त्यांचा घात केला तो मस्तकातील एका व्याधीने. अपस्मार हे तिचे नाव.

फेफरे, मिरगी, फीट अशा नावांनी ही व्याधी लोकांना परिचित आहे. अपस्मार या शब्दात ‘स्मृती जाणे’ असा अर्थ आहे, आणि चरकसंहितेत या रोगाचे विस्ताराने वर्णन आढळते. ग्रीस देशात याला एके काळी देवाचा कोप समजत असत. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी हिपोक्रॅटिसच्या परंपरेतील वैद्यांनी बजावले, की हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही. त्याचे मूळ मेंदूत आहे. इतक्या जुन्या काळी सांगितलेली ही गोष्ट अद्याप सर्वांच्या गळी उतरलेली नाही, हे नवल होय. आजही काही घरांत रोग्याला आधी मांत्रिकाकडे नेतात आणि डॉक्टरकडे मागाहून.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या अतिसूक्ष्म विद्युत्‌प्रवाहाच्या योगे एकमेकींना निरोप देतात. या कामी शिस्त कशी लागते, हे सोलापूरच्या मुलांनी मागावर पाहावे. मागावरील उभे धागे आळीपाळीने वर उचलले जातात. काही वर, काही खाली. त्यांच्या मधून धोटा धावतो आणि चादर विणली जाते. समजा, सगळेच धागे एकदम वर उचलले गेले, तर आडवा धागा कशात गुंतणार? वीण मोडून जाईल. अपस्माराच्या झटक्यात असेच काहीसे घडते. असंख्य पेशी एकाच वेळी आणि भलत्या जोराने निरोप धाडू लागतात, आणि मेंदूची वीण तेवढा वेळ मोडते.

झटका सर्वांना सारखाच येत नाही. मोठ्या झटक्यात मनुष्य एकाएकी कोसळतो, शरीर ताठ होते, दातखिळी बसते, हातपाय आचके देतात, तोंडाला फेस येतो. बहुधा दोन-तीन मिनिटांत हे थांबते आणि रोगी गाढ थकव्याने निजतो. कधी केवळ एक हात किंवा अर्धा चेहराच फडफडतो. लहान मुलांत आणखी एक प्रकार दिसतो, तो ओळखणे कठीण. मूल वाचता वाचता मध्येच थांबते, काही क्षण शून्यात पाहते आणि पुन्हा वाचू लागते. मधले काहीच त्याला आठवत नाही. शिक्षकांना वाटते, याचे लक्ष नाही. अशा कित्येक मुलांनी विनाकारण बोलणी खाल्ली असतील!

डोक्याला झालेली इजा, जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे, मेंदूज्वर, मेंदूतील गाठ यांमुळे हा रोग जडतो. पुष्कळदा तर कारण सापडतच नाही. आपल्या देशात आणखी एका कारणाकडे लक्ष द्यावे लागते. डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात एक पट्टकृमी जातो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून शेतात व पाण्यात पसरतात, आणि न धुतलेल्या पालेभाजीतून दुसऱ्याच्या पोटात शिरतात. तेथून त्या कृमीची पिले रक्तावाटे मेंदूत पोहोचतात. यास्तव ज्याने जन्मात मांस चाखले नाही, त्यालाही यापासून धोका असतो. मात्र रोग्याला शिवल्याने किंवा त्याच्या ताटात जेवल्याने अपस्मार होत नाही.

आता पुन्हा कोटणीसांकडे वळू. १९३९ साली ते येनानला पोहोचले. पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात आघाडीवर काम करून ते तेथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. एका लढाईत ते सलग बहात्तर तास झोपेविना शस्त्रक्रिया करीत होते, असे सांगतात. परिचारिकांना शिकविणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. चिनी विद्यार्थ्यांसाठी ते शल्यशास्त्रावर ग्रंथही लिहीत होते. त्यांना अपस्माराचे झटके येत असत. अपुरी झोप आणि अतिश्रम यांनी झटके बळावतात. युद्धभूमीवरील डॉक्टरला विश्रांती कोठून मिळणार? शत्रूच्या वेढ्यामुळे औषधांचीही टंचाई होती. अखेर झटक्यामागून झटके येऊन त्यांची प्राणज्योत मालवली. ग्रंथ अपुरा राहिला, आणि यिनहुआ तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

झटका पाच मिनिटांहून अधिक लांबणे, अथवा शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरा येणे, ही खरी प्राणसंकटाची वेळ. एरवी हा रोग औषधाला दाद देतो. १९१२ पासून फेनोबार्बिटोन वापरात आले. फेनिटॉइनचा गुण दोन अमेरिकन संशोधकांनी सिद्ध केला तो १९३८ साली, म्हणजे कोटणीस चीनला निघाले त्याच वर्षी. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी प्रथम नोंदविल्या. त्या आलेखावरून डॉक्टर आज झटक्याचा प्रकार ओळखतात. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांतील शंभरांपैकी सत्तर जण झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. काहींवर शस्त्रक्रियाही करतात. गोळ्या मात्र वर्षानुवर्षे, एकही दिवस न चुकता घ्याव्या लागतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या आपल्या मनाने बंद करणे फार घातक असते.

औषधाहूनही अवघड आहे ते लपवाछपवीचे. विवाहविषयक कायद्यात अपस्मार हा एके काळी लग्नाला बाध आणणारा दोष मानला जाई. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढला गेला. लोकांच्या मनातून तो जाण्यास अधिक काळ लागत आहे. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने घरचे लोक गोळ्यांची पुडी धान्याच्या डब्यात दडवितात, आणि पाहुणे असले की त्या दिवशीची गोळी राहून जाते.

रस्त्यात कोणाला झटका आला, तर कांदा किंवा चप्पल हुंगविण्याची चाल आहे. तिचा काडीचाही उपयोग नाही. तोंडात चमचा घालू नये, दात मोडतात. पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते. हातपाय दाबून धरू नयेत. जवळच्या टोकदार वस्तू दूर कराव्या, डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेला सदरा ठेवावा, गळ्याचे बटण सैल करावे आणि घड्याळ पाहावे. आचके थांबले की रोग्याला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाते. पाच मिनिटे उलटूनही झटका थांबला नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर येताना रोगी गोंधळलेला असतो. आपण कोठे आहो, काय झाले, हे त्याला कळत नाही. भोवतालची गर्दी हटवून एकाने त्याच्यापाशी बसावे आणि काय घडले ते त्याला हळू आवाजात सांगावे.