आधी खराटा, मग जंतुनाशक



पावसाळा तोंडावर आला की गटात फिरताना एक तक्रार हमखास कानावर येते. "साहेब, विहिरीत मूठभर पावडर टाकली, तरी घरात जुलाब लागलेच. पावडर बोगस निघाली का?" पावडर कधी कधी खरोखर निकामी झालेली असते, ते पुढे सांगतोच. पण बहुतेक वेळा खोट असते ती टाकण्याच्या रीतीत.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे भाऊबंद मुंबईला घाटकोपर, मुलुंड, अंधेरी भागात कामधंद्याला आहेत. २६ जुलै २००५ ची आठवण त्यांना विचारून पाहा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी फुगली, तबेल्यातली म्हसरं दावणीलाच बुडून मेली. पाणी ओसरल्यावर चिखल आणि कचरा राहिला, त्यावर पांढरी ब्लिचिंग पावडर पसरली गेली. पाठोपाठ ऑगस्टात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या व जनावरांच्या मुतातून हा जंतू पाण्यात उतरतो आणि पायाच्या जखमेवाटे अंगात शिरतो. साचलेल्या चिखलावर पावडर भुरभुरून तो हटत नाही. का हटत नाही, हे समजून घेतले पाहिजे.

पाणी मारून फुलवलेल्या कोरड्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला की ब्लिचिंग पावडर बनते. ताज्या मालात सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. पाण्यात पडल्यावर त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि ते जंतूचे कवच भेदून आतली द्रव्ये जाळून टाकते. मात्र या आम्लाला जंतू कोणता नि शेण कोणते हे कळत नाही. गाळ, पालापाचोळा, शेण जे समोर येईल त्यावर ते खर्ची पडते. तणात युरिया टाकावा आणि तो तणानेच खाऊन उसाला काही उरू नये, तसला हा प्रकार!

भांडुपला मुंबई महापालिकेचे मोठे जलशुद्धीकरण केंद्र आहे. तिथे तलावाचे पाणी आले की लगेच क्लोरीन सोडून मोकळे होत नाहीत. आधी तुरटीच्या जातीचे औषध घालून गाळ खाली बसवतात, मग वाळूच्या थरातून पाणी गाळतात. पिण्याचे पाणी निर्जंतुक करणाऱ्या क्लोरीनचा नंबर त्यानंतर. उपनगरातल्या चाळीपर्यंत येणारे पाणी पिण्याजोगे राहते ते या क्रमामुळे.

आपल्या विहिरीलाही हाच क्रम लावावा. पुराचे गढूळ पाणी शिरले असेल तर आधी उपसा करून गाळ काढावा. नंतर हिशेब करावा, मूठ हे माप नव्हे. १००० लिटर पाण्याला चांगली पावडर अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर साधारण २८ हजार लिटर पाणी झाले, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून पाच-दहा मिनिटे निवळू द्यावी. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत सोडून हिसळावी, तळाचा चुना फेकून द्यावा. मग तासभर पाणी शेंदू नये. पावडरीला हवा, ओल आणि ऊन लागले की क्लोरीन उडून जातो. गेल्या साली तोंड उघडे राहिलेल्या पिशवीत नुसता चुनाच उरलेला असतो, वास घेऊन बघा.

एक गोष्ट कारभारणीला आवर्जून सांगा. संडास धुण्याचे अॅसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो.

गोठ्याला फिनेल वापरतो, त्याची गतही निराळी नाही. शेण-मूत काढून, जमीन धुऊन मग फिनेलचे पाणी मारावे. फिनेल हे जमिनीचे औषध, जखमेचे नव्हे. तोडणीत कोयता लागला तर जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, मग पोव्हिडोन आयोडीन लावावे. चुना, माती, शेणाची राख काही भरू नये. धनुर्वाताचा जंतू माती-शेणातच असतो, म्हणून इंजेक्शनासाठी दवाखाना गाठावाच.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी सॅनिटायझर बनवले. आपल्या मळीचे हे मोल त्या वर्षी शहरांना कळले! त्यात अल्कोहोल ७० ते ८० टक्के ठेवतात, कारण जंतूची प्रथिने गोठवायला थोडे पाणीही लागते. चिखलाने माखलेल्या हातावर मात्र त्याचा उपयोग होत नाही, तिथे साबणच हवा.

आता लागणीचे. पूर्वी बेणे पारायुक्त औषधात बुडवत. त्या जातीच्या औषधावर २०१८ मध्ये बंदी आली आहे, कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो वापरू नये. सध्या १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम घेऊन टिपऱ्या १० मिनिटे बुडवाव्यात. त्याआधी टिपऱ्यांची माती झाडून घ्यावी. बेणे तोडण्याचा कोयताही रस-माती धुऊन, एका प्लॉटातून दुसऱ्यात जाताना उकळत्या पाण्यात बुडवावा, कारण खोडवा खुजा करणारा रोग पात्यावरूनच पसरतो. उरलेले औषधाचे पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.