विश्लेषण : दिग्रसहून माहूरला जाताना लागणारी पैनगंगा दोन राज्यांची सीमा कशी झाली?

नवरात्रात दिग्रसहून रेणुकामातेच्या दर्शनाला माहूरकडे निघालेली गाडी धनोड्याच्या पुलावर पैनगंगा ओलांडते. यवतमाळ जिल्हा संपतो, नांदेड सुरू होतो. प्रवाशांना एवढेच जाणवते. मात्र १९४७ पूर्वी पुलाच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल होता आणि पलीकडे निजामाचा.

सीमा आली कुठून?

अकबराच्या काळात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातल्याच एका सरकारचे ठाणे होते. पुढे दोन्ही काठ निजामाकडे गेले. इंग्रजांनी हैदराबादेत ठेवलेल्या फौजेचा खर्च थकत गेला, कर्ज वाढले आणि १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. दिग्रस गेले, माहूर राहिले. कागदोपत्री मालकी मात्र निजामाचीच! १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने दिले गेले. तरीही १९३६ पासून निजामाचा वारस ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिरवत होता.

१५ ऑगस्ट १९४७ ला काय झाले?

दिग्रस स्वतंत्र भारतात होते, माहूर नव्हते. पोलीस कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आले. म्हणजे पलीकडच्या काठाला आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. माहूर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले, किनवट नांदेडला जोडले गेले आणि इथली राज्यसीमा पुसली गेली. नदीच्या खालच्या अंगाला, पाटणबोरीच्या बाजूला, पैनगंगा आजही महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमेवरून वाहते.

मग आज फरक कुठे पडतो?

दप्तरात. अलीकडच्या जुन्या महसुली नोंदी मराठीत, अनेकदा मोडी लिपीत आहेत. पलीकडच्या निजामकालीन, त्यातल्या बऱ्याच उर्दूत. काही दप्तर तर हैदराबादेतच. कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीला म्हणूनच हैदराबादपर्यंत जावे लागले. २ सप्टेंबर २०२५ चा ‘हैदराबाद गॅझेटियर’बाबतचा शासन निर्णयही मराठवाड्यापुरता आहे, विदर्भासाठी नाही.

सोयरिकी मात्र दोन्ही काठांवर आहेत. मामाचे गाव माहूरकडे आणि वडिलांचे दिग्रसकडे, अशी घरे इथे नवी नाहीत. जातीचा दाखला साधारणपणे वडिलांकडच्या नोंदींवर मिळतो. त्यामुळे मामाच्या घरच्या कागदावर विसंबून अर्ज भरण्याआधी आजोबा-पणजोबांचे गाव नदीच्या कोणत्या काठावर होते, हे पाहावे. शोध कोणत्या दप्तरात घ्यायचा, ते त्यावरून ठरते.