जळालेली मोटार : भरावी की बदलावी?

सेनगावात पिठाची गिरणी असो वा लेथ, एक फेज गेला आणि थ्री फेज मोटार तशीच चालत राहिली, की ती जळते. हा फटका मोटारीचे वय पाहून येत नाही, नवीही जळते. म्हणून केवळ 'जुनी झाली' म्हणून मोटार बदलू पाहणाऱ्या व्यावसायिक बांधवांना आम्ही सुचवू, की आधी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा.

मात्र मर्यादेपेक्षा 10 अंश जास्त तापत राहिल्यास इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते. तेव्हा प्रत्येक बिघाडाची तारीख, कारण, रिवाइंडिंगचा खर्च व बुडालेला धंदा वहीत मांडा. बिघाडांमधले अंतर घटू लागले आणि वर्षाचा हा खर्च, नव्या मोटारीच्या किमतीला तिच्या अपेक्षित वर्षांनी भागून येणाऱ्या रकमेपेक्षा वाढला, की जुनीचा मोह सोडावा.