किल्ल्याचा कडा लाल कसा?

दिवाळीत मुलं दगड-विटा रचतात, वर चिखलात बुडवलेलं पोतं टाकतात आणि मग सगळ्यावर गेरू फासतात. पालकहो, इथेच त्यांना जरा थांबवा. विचारा, "राजगडाचा कडा लाल आहे का रे?" सह्याद्री बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, म्हणून कड्यांना आडव्या पायऱ्या दिसतात. चिखल ओला असतानाच त्या पट्टीने कोरून घ्या. गेरू पायवाटांना ठेवा.

रंगवायची युक्ती मात्र टेबलावर छोटे सैनिक मांडून युद्धाचे खेळ खेळणाऱ्या हौशी लोकांची आहे. वाळलेला कडा आधी काळा रंगवा, तोही पूर्ण वाळू द्या. मग ब्रशला राखाडी रंग लावून तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि कड्यावरून हलकेच फिरवा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खाचा काळ्याच राहतात. चिखलाचा खडक होतो! बाजारातला तयार प्लास्टरचा किल्ला आणला तर यातलं काहीच मुलांच्या हाताला लागत नाही.

मावळ्यांचं गणितही घाला. 5 सेंमीचा मावळा खऱ्या माणसाच्या साधारण 33 पट लहान. त्या मापाने 100 मीटरचा कडा 3 मीटर होईल, अंगणात मावणार कसा? म्हणून मोठे मावळे पायथ्याशी, बारके माथ्यावर ठेवा. गड उंच वाटतो.

हळीव चार-पाच दिवस आधी पेरा, पण रंगवलेल्या कड्यापासून लांब. पाणी हातानेच शिंपडा, नाहीतर रंग ओघळतो.