रिकाम्या नळीतली खरखर

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या. आतला दाब वातावरणाच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागाइतका. तरी घन सेंटीमीटरमागे काही कोटी रेणू उरतातच. समजा, तेही काढले. मग आत काय राहील?

काहीच नाही, हे उत्तर पुंजभौतिकीला मान्य नाही. प्रकाश हे विद्युतचुंबकीय क्षेत्रातलं कंपन. अनिश्चितता तत्त्वामुळे हे क्षेत्र कुठेच शून्यावर स्थिर बसत नाही. एकही प्रकाशकण नसताना ते शून्याच्या अवतीभवती हेलकावत राहतं. पोकळी म्हणजे क्षेत्राची सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था, आणि ती ऊर्जा शून्य नसते. हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. अशा वेधशाळांच्या यंत्रांना त्याचा रोज त्रास होतो.

लेझरचा झोत दुभागून दोन्ही नळ्यांत जातो आणि टोकाच्या आरशांवरून परततो. परतलेले झोत एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतील अशी जुळणी असते, त्यामुळे बाहेर पडायच्या दाराशी अंधार असतो. गुरुत्वीय लहर आली की एक बाजू किंचित लांबते, दुसरी आखडते आणि दाराशी प्रकाश झिरपतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी पहिली लहर पकडली. चार किलोमीटरमागे तिने पाडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता.

इतकं सूक्ष्म मोजताना पोकळी आडवी येते. त्याच अंधाऱ्या दारातून तिचे हेलकावे आत शिरतात, लेझरमध्ये मिसळतात आणि मापनात खरखर होते. भौतिकशास्त्रज्ञ कार्लटन केव्हज यांनी १९८१ मध्ये हे दाखवलं, आणि उपायही सुचवला. हेलकावे मिटवता येत नाहीत. पण कणकेचा गोळा एका अंगाने दाबला की दुसऱ्या अंगाने पसरतो, तशी त्यांची वाटणी बदलता येते: प्रकाशलहरीचं शिखर केव्हा येतं यातली अनिश्चितता कमी करायची, तिच्या उंचीतली वाढू द्यायची. खास स्फटिकाच्या मदतीने घडवलेली अशी ‘दाबलेली’ पोकळी अमेरिकेतल्या दोन्ही लायगोंमध्ये २०१९ पासून त्या दारातून आत सोडतात. एका रिकामेपणाच्या जागी दुसरा ठेवला आणि यंत्राला गुरुत्वीय लहरी उठवणाऱ्या कृष्णविवरांच्या अधिक दूरच्या टकरी दिसू लागल्या, याहून मोठं नवल मला आधुनिक भौतिकीत सापडत नाही.

मात्र उंचीतली वाढलेली अस्थिरता आरशांना ढकलते आणि गुरुत्वीय लहरींची मंद कंपनं खरखरीत बुडवते. म्हणून २०२३ पासून दाबलेली पोकळी आधी ३०० मीटरच्या वेगळ्या नळीतून फिरवतात: मंद कंपनांसाठी उंची दाबली जाते, जलद कंपनांसाठी शिखराची वेळ.