माउथ-ऑर्गनवरील मींड

हार्मोनियमवर मींड निघत नाहीं, ही रसिकांची जुनी तक्रार. परंतु त्याच जातीच्या, खिशांत मावणाऱ्या माउथ-ऑर्गनवर अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादकांनीं आपल्या ‘ब्लूज’ संगीतासाठीं ती साध्य केली.

या वाद्याच्या दहा छिद्रांपैकीं प्रत्येकांत पितळेचीं दोन पातीं असतात. एक फुंकरीनें वाजतें, दुसरें श्वास आंत ओढल्यानें. ब्लूज-वादक बहुधा वाद्याचा पंचम हाच षड्ज मानतात. त्यामुळें मुख्य काम ओढलेल्या श्वासावर चालतें. श्वास ओढतांना जीभ मागें-खालीं घेतली कीं मुखाची पोकळी बदलते, दुसरें पातेंही कंप पावतें आणि स्वर खालीं उतरतो. तिसऱ्या छिद्रावर तर तीन अर्धस्वरांपर्यंत.

नवशिका येथें जोर लावतो. मग स्वर घुसमटतो आणि पातें लवकर निकामी होतें. त्यानें वाद्य ओठांत खोलवर धरावें, जबडा सैल व घसा मोकळा ठेवावा, श्वास पोटांतून संथ घ्यावा. प्रथम चौथ्या छिद्राचा ओढलेला स्वर निर्मळ लागूं द्यावा. मगच तो अर्धा स्वर उतरवावा.

शिकागो येथें १९५२ सालीं ‘ज्यूक’ ध्वनिमुद्रित करतांना लिटल वॉल्टरनें विजेच्या ध्वनिवर्धकाचें साहाय्य घेतलें. परंतु ध्वनिवर्धक स्वर मोठा करतो, त्याचा भरदारपणा मोकळ्या घशांतूनच यावा लागतो.